सिगारच्या किमतीत तंबाखू किती?

हाताने वळलेली एक चांगली सिगार तासभर पुरते. तिच्यात तंबाखू असते फार तर दहा-पंधरा ग्रॅम. भारतात ती विकत घ्यायला गेले की हजार रुपये सहज मोडतात, आणि क्यूबाच्या नामांकित छापाची हवी असेल तर एका नगाला काही हजार मोजावे लागतात. इतक्या पैशांत नेमके काय मिळते, हा प्रश्न पनवेलच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. परदेशातून समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचा मोठा हिस्सा १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदरात उतरतो, आणि तिथले कंटेनर पनवेल-उरणच्या रस्त्यांवरून देशभर जातात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि परदेशाची दुसरी वाटही दाराशी आली. या भागात जमिनींना भाव आले, हातात पैसा आला, आणि समारंभात किंवा व्यवहार ठरल्यावर उंची वस्तू देण्या-घेण्याची रीतही आली. सिगार ही त्यातलीच एक. महाग सिगार किमतीला लायक आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: किमतीचा पहिला, लहान हिस्सा खऱ्या कारागिरीचा आहे आणि तो रास्त आहे. त्यापुढचा हिस्सा कराचा, साठवणुकीचा आणि मुद्दाम टिकवलेल्या दुर्मिळतेचा आहे. त्या मोठ्या हिश्शामुळे सिगार अधिक चांगली होत नाही, फक्त अधिक महाग होते.

आधी कारागिरीचे श्रेय द्यायला हवे, कारण ते अस्सल आहे. सिगारमध्ये पानांचे तीन थर असतात. पोटात भरतात ते फिलर, त्याला बांधून धरते ते बाइंडर आणि बाहेरून दिसते ते रॅपर. उंची सिगारमध्ये फिलरची पाने अख्खी, या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब असतात. यंत्रावर बनवलेल्या स्वस्त सिगारमध्ये कापलेला चुरा असतो, आणि बाइंडर म्हणून अनेकदा तंबाखूच्या भुकटीपासून केलेला कागदासारखा पापुद्रा वापरतात. हा फरक ओढणाऱ्याच्या मनाचा खेळ नाही. लांब पानांच्या घड्यांतून हवा सरळ जाते, जळण्याचा वेग संथ राहतो, राख धरून राहते आणि धूर त्या मानाने थंड लागतो. चुरा भराभर जळतो, धूर तापतो आणि तोंडात कण येतात. शिवाय एकाच रोपावरची सगळी पाने सारखी नसतात. शेंड्याकडच्या पानांना ऊन जास्त मिळते, ती जाड, तेलकट आणि कडक होतात. क्यूबात त्यांना लिगेरो म्हणतात आणि ती सावकाश जळत असल्यामुळे मधोमध ठेवतात. मधल्या भागातले सेको सुगंधासाठी, तळाकडचे वोलादो नीट पेटत राहण्यासाठी. या पानांचे मिश्रण ठरवणे हीच त्या छापाची ओळख असते. रॅपरचे पान तर डागरहित, शिरा न दिसणारे, लवचिक असावे लागते. म्हणून ते अनेक ठिकाणी कापडाच्या छताखाली, सावलीत वाढवतात. पिकातली मोजकीच पाने रॅपरच्या कसोटीला उतरतात, त्यामुळे वजनाच्या हिशोबात तेच सर्वांत महाग पडते.

पान तोडले की सिगार झाली असेही नाही. आधी ते वाळवण्याच्या उंच कोठारात काठ्यांना टांगून आठवडे न् आठवडे वाळवतात. मग थोडी ओल देऊन पानांचे मोठे ढीग रचतात. त्या ढिगांत जिवाणू आणि पानातलीच विकरे काम करू लागतात, आतले तापमान चढते, अमोनियाचा उग्र दर्प बाहेर पडतो, शर्करा आणि प्रथिने मोडतात, रंग गडद होतो. उष्णता हाताबाहेर जाऊ नये म्हणून ढीग मोडून, पाने आतली बाहेर आणि बाहेरची आत करून, तो पुन्हा रचावा लागतो. हे अनेकदा करावे लागते. त्यानंतर पाने गासड्यांत बांधून मुरत ठेवतात, चांगल्या मालासाठी वर्षानुवर्षे. क्यूबाच्या कोहिबा या छापासाठी काही पानांवर ही आंबवण्याची प्रक्रिया तिसऱ्यांदा, पिंपांत केली जाते. एवढा काळ भांडवल अडकून राहते, कोठारे लागतात, माणसे लागतात, आणि काही माल वाया जातो. त्यामुळे साध्या यंत्रावरच्या सिगारपेक्षा हाताची सिगार महाग असणे समजण्यासारखे आहे. तिथपर्यंत किंमत आणि गुण बरोबरीने चढतात.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हाताने वळलेली म्हणून महाग, हे कारण विक्रेते सर्वांत आधी सांगतात, म्हणून ते हिशोबाला लावून पाहू. कुशल कारागीर आकारानुसार दिवसाला साधारण ६० ते १५० सिगार वळतो. समजा त्याला दिवसाची मजुरी तीन हजार रुपये दिली. क्यूबात किंवा निकाराग्वात एवढी मिळत नाही, पण हिशोबासाठी उदारपणे धरू. दिवसाला शंभर नग धरले तर एका सिगारमागे वळण्याची मजुरी तीस रुपये येते. येवल्याच्या पैठणीशी तुलना केली तर मुद्दा स्पष्ट होईल. नक्षीदार पैठणीवर विणकराचे काही आठवडे, कधी काही महिने जातात. तिच्या किमतीतून रेशीम आणि जर वजा केले तर जे उरते त्यात माणसाच्या श्रमाचा वाटा ठळक दिसतो. सिगारीच्या बाबतीत वळण्याचे काम मिनिटांचे आहे. पाच हजारांच्या सिगारमध्ये कारागिराच्या हाताचा हिस्सा शेकड्यात एकाच्या आसपासही पोहोचत नाही. पान पिकवणारा, वाळवणारा, निवडणारा अशी सगळी माणसे धरली तरी चित्र फार बदलत नाही.

हातकाम आणि किंमत यांचे नाते आपोआप जुळत नाही, याचा पुरावा शोधायला क्यूबाला जायला नको. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरची निपाणी बिडीच्या तंबाखूसाठी देशभर ओळखली जाते. त्या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत पिकणारे पान चवीला कडक, बिडीला लागते तसे. याच निपाणीत १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला. ते आंदोलन आठवडे चालले आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. मागणी एवढीच होती की पानाला परवडेल असा भाव मिळावा. तिथल्या वखारींमध्ये तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांच्या कामावर आणि त्यांच्या संघटनेवर युगांतर या गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ओब आली’ हा माहितीपट केला. पुढची पायरी वळण्याची. सोलापूर, सिन्नर, अहिल्यानगर, कामठी अशा ठिकाणी बायका घरी बसून तेंदूचे पान भिजवतात, कातरतात, तंबाखू भरून वळतात, दोरा बांधतात. दिवसाला आठशे ते हजार बिड्या. मजुरी हजारामागे ठरते, आणि ती दोन-अडीचशे रुपयांच्या आसपास रेंगाळत राहिली आहे. सोलापूरजवळ कुंभारी इथे कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. सप्टेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचे वाटप झाले. ती घरे वर्षानुवर्षांच्या लढ्याने मिळाली, बिडीच्या किमतीतून नाही.

यावर कोणी म्हणेल की बिडी आणि सिगार यांची बरोबरी कशी होईल. बिडीत मुरवणूक नाही, पानांची निवड नाही, रॅपरची नजाकत नाही. हे सगळे बरोबर आहे, आणि वर मी तेच मान्य केले आहे. मुद्दा वेगळा आहे. अंगठा आणि दोन बोटांत पान फिरवून हजार वेळा एकसारखी जाडी आणणे हेही कौशल्यच आहे, आणि बाजार त्याला जवळपास काही देत नाही. म्हणजे ‘हाताचे काम’ हे शब्द एका वस्तूची किंमत हजारात नेतात आणि दुसरीची पैशात ठेवतात. फरक हातात नाही, तो घेणाऱ्याच्या खिशात आणि त्या वस्तूभोवती रचलेल्या प्रतिष्ठेत आहे. महाग सिगार घेऊन आपण कारागिराला जगवतो, हे समाधान म्हणूनच मला पटत नाही. किंमत दुप्पट झाली म्हणून वळणाऱ्याची मजुरी दुप्पट होईल असा कोणताही नियम या धंद्यात नाही.

आता पनवेलपर्यंत येण्याचा खर्च. सिगार हा जिवंत नसला तरी नाशवंत माल आहे. तिला सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ७० टक्के आणि तापमान २० अंशांच्या आसपास लागते. हवा कोरडी झाली की रॅपर तडकते आणि सुगंधी तेले उडून जातात, फार दमट झाली की बुरशी येते आणि सिगार ओढली जात नाही. पनवेलला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता नव्वदीत असते. एप्रिल-मेमध्ये तापमान पस्तिशी ओलांडते. त्यातच लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी नावाचा बारीक तपकिरी भुंगेरा आहे. आपल्याकडे हळद, धने, मिरची अशा मसाल्यांत जो किडा होतो त्यांतला हा एक. पानात राहिलेली त्याची अंडी उष्णता वाढली की फुटतात आणि अळी सिगारीला आरपार भोके पाडते. म्हणून मोठे उत्पादक माल पाठवण्यापूर्वी गोठवतात, आणि विकणाऱ्याला देवदारी लाकडाचे, आर्द्रता राखणारे कपाट, वातानुकूलन आणि वीज यांवर बारमाही खर्च करावा लागतो. हा खर्च खरा आहे आणि तो किमतीत येणारच. पण त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. हा खर्च सिगारचा दर्जा वाढवत नाही, ती बनली तेव्हा जशी होती तशी फक्त राखतो. आणि कोकणपट्टीतल्या हवेत ती तशी राहिली आहे की नाही, हे डब्यावरच्या किमतीवरून कळण्याचा मार्ग नाही. साठवणूक ढिली असेल तर आठ हजारांची सिगार आठशेच्या नीट ठेवलेल्या सिगारपुढे हरते.

यानंतर कर. आयात केलेल्या सिगारवर आधी सीमाशुल्क बसते. मग मालाची किंमत आणि ते शुल्क यांच्या बेरजेवर वस्तू व सेवा कर लागतो, म्हणजे करावरही कर. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेने तंबाखूच्या पदार्थांसाठी ४० टक्क्यांचा सर्वोच्च दर ठरवला आणि बिडीसाठी मात्र १८ टक्के. त्यावर आयातदार, वितरक, दुकानदार यांचा नफा चढतो, आणि नफा टक्केवारीने धरला जात असल्यामुळे तोही फुगलेल्या किमतीवर मोजला जातो. साखळी अशी की मूळ डब्याच्या किमतीतला प्रत्येक वाढीव रुपया ग्राहकापर्यंत येताना कितीतरी पट होतो. विमानतळावरच्या शुल्कमुक्त दुकानात तीच सिगार बरीच स्वस्त मिळते ती याचमुळे. २०१६ च्या बॅगेज नियमांत प्रवाशाला २५ सिगार शुल्काशिवाय आणता येतात अशी मर्यादा ठेवली होती. पान तेच, कारागीर तोच, डबा तोच. फक्त सरकारचा वाटा गेला की किंमत उतरते. या करभारामुळे चोरटा व्यापारही पोसला जातो. न्हावा शेवा बंदरात दुसराच माल दाखवून आणलेल्या विदेशी सिगारेटींचे कंटेनर महसूल गुप्तचर संचालनालयाने वारंवार पकडले आहेत. सिगारच्या बाबतीत नकली कोहिबाचे डबे हा जगभरचा धंदा आहे. किंमत जितकी चढी, तितका नकलेत फायदा जास्त, त्यामुळे ‘महाग आहे म्हणजे अस्सल असेल’ हा तर्क नेमका इथेच फसतो. तंबाखूवर कर असावा का, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो असावा, भरपूर असावा. पण ग्राहकाने त्या कराला दर्जा समजू नये.

कर आणि साठवणूक बाजूला काढली तरी उंची छापांच्या किमतीत एक मोठा हिस्सा उरतो, आणि तो सर्वांत बोलका आहे. कोहिबा हा छाप १९६६ साली क्यूबात सुरू झाला, फिदेल कास्त्रो यांच्यासाठी आणि सरकारी पाहुण्यांना देण्यासाठी. सर्वसामान्य ग्राहकाला तो १९८२ पासून मिळू लागला. मुळात जो माल बाजारात मिळतच नव्हता, त्याची ओढ त्या न मिळण्यातून तयार झाली. अमेरिकेच्या निर्बंधांनी त्यात भर घातली. फेब्रुवारी १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी क्यूबाच्या मालावर बंदी घातली, आणि त्यांचे माध्यम सचिव पिअर सॅलिंजर यांनी पुढे स्वतःच सांगितल्याप्रमाणे, सही करण्याआधी अध्यक्षांनी त्यांच्याकरवी पेटिट अपमन जातीच्या १,२०० सिगार मागवून घेतल्या होत्या. बंदीमुळे क्यूबाची सिगार जगातली सर्वांत मोठी बाजारपेठ गमावून बसली, पण तिच्याभोवतीचे वलय वाढले. त्याच काळात क्यूबातून बाहेर पडलेले कारागीर आणि बियाणे डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास, निकाराग्वा इथे रुजले. आज जाणकारांनी गौरवलेल्या सिगारींत या देशांतल्या सिगार सर्रास असतात, आणि त्यांच्या किमती क्यूबाच्या वरच्या छापांपेक्षा कितीतरी कमी असतात.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत थेट पुरावा २०२२ सालचा आहे. क्यूबाच्या सिगार जगभर विकणाऱ्या हबानोस या कंपनीने त्या वर्षी कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन छापांच्या किमती सर्व देशांत हाँगकाँगच्या चढ्या पातळीला आणायचे ठरवले. युरोपातल्या अनेक देशांत एका रात्रीत किंमत दुपटीच्या पुढे गेली. त्या रात्रीत पान बदलले नव्हते, आंबवण्याची पद्धत बदलली नव्हती. दुकानाच्या कपाटात आदल्या दिवशी पडून असलेली सिगारच दुसऱ्या दिवशी दुप्पट महाग झाली होती. आणि धंदा मोडला नाही. कंपनीची उलाढाल २०२२ मध्ये सुमारे ५४.५ कोटी डॉलर होती, ती २०२३ मध्ये ७२.१ कोटींवर गेली. चीनमधली मागणी यात मोठी होती. चढी किंमत ही या ग्राहकासाठी अडचण नसून वस्तूचा भागच आहे, हे कंपनीने बरोबर ओळखले.

उलट उदाहरणही आहे, आणि ते अधिक बोधक आहे. १९९२ साली अमेरिकेत ‘सिगार अफिशिओनाडो’ हे मासिक निघाले आणि सिगार यशस्वी माणसाची खूण बनली. त्या देशात येणाऱ्या हातवळणीच्या सिगारींची संख्या त्या सुमारास वर्षाला दहा कोटींच्या आसपास होती, ती १९९७ मध्ये चाळीस कोटींच्या वर गेली. पान तर वर्षानुवर्षे मुरवावे लागते. मग एवढा माल आला कुठून? अपुरे मुरलेले पान वापरून, घाईने शिकवलेल्या माणसांकडून वळवून घेऊन. किंमत चढत होती त्याच वर्षांत दर्जा घसरत होता. लाट ओसरल्यावर न विकलेले डबे मातीमोल भावाने निघाले. किंमत दर्जामागे चालत असती तर हे घडले नसते.

आता सर्वांत भारी आक्षेप. अनुभव हा शेवटी ओढणाऱ्याचा असतो, आणि महाग म्हणून त्याला ती अधिक छान लागत असेल तर ते सुख खोटे कसे म्हणायचे? याला हसून उडवून लावता येत नाही. २००८ साली हिल्के प्लासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला. माणसांना एकच वाइन दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलरची म्हणून दिलेली त्यांना अधिक आवडली, आणि मेंदूच्या छायाचित्रणात सुखाच्या अनुभवाशी संबंधित भागातली हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच ती चांगली लागली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सहा हजारांहून अधिक वेळा किंमत लपवून वाइन चाखवली होती. तिथे महाग वाइन सामान्य माणसांना अधिक आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. हे प्रयोग वाइनचे आहेत, सिगारचे नाहीत. पण सिगार तर डब्याचा वास, रंगीत कागदी कडे, कापण्याची कात्री, पेटवण्याची रीत अशा कितीतरी गोष्टी बरोबर घेऊन येते, त्यामुळे तिथे अपेक्षेचा प्रभाव कमी असण्याचे कारण दिसत नाही. सुख खरे आहे, हे मी मानतो. पण मग ते सुख किमतीच्या चिठ्ठीतून आले आहे, पानातून नाही, हेही मानावे लागते. ज्याला ही गोष्ट कळली त्याला मधल्या किमतीची निकाराग्वाची सिगार, कडे काढून दिली तर, तेवढाच आनंद देऊ शकते.

तंबाखू आणि मिरवणे यांची जोडी आपल्या दख्खनला नवी नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा दूत असद बेग विजापूरला आला, तेव्हा तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि बादशहासाठी बरोबर नेली. ती द्यायची कशी, तर रत्नजडित, मीनाकाम केलेल्या नळीसह. त्याने लिहून ठेवलेल्या वर्णनात पानापेक्षा त्या नळीलाच अधिक जागा आहे. बादशहाने दोन-चार झुरके घेतले आणि हकिमांनी त्याला अडवले.

हकिमांचा तो मुद्दा उरतोच. उंची सिगार ओढणारे म्हणतात की आम्ही कधीतरी ओढतो, धूर आत घेत नाही आणि हा माल शुद्ध असतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टींत तथ्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०२२ मध्ये उंची सिगारींवर स्वतंत्र अहवाल काढला. अशी सिगार ओढणारे बहुतेक लोक ती रोज ओढत नाहीत, आणि धोका किती वेळा ओढता व किती आत घेता यावर अवलंबून असतो, हे त्यात मान्य केले आहे. पण सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जाते, ते फुप्फुसापर्यंत न्यावे लागत नाही. जो आधी सिगारेट ओढत होता तो सवयीने धूर आत घेण्याची शक्यता जास्त असते. आणि मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तिसरी गोष्ट, शुद्धतेची, तर उलटीच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रासायनिक कारण नोंदवले आहे. तंबाखूतली नायट्रोसामीन ही कर्करोगकारक द्रव्ये पान वाळवताना आणि आंबवताना मोठ्या प्रमाणात तयार होतात, आणि सिगारच्या धुरात ती सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त आढळतात. ज्या ढिगांच्या, पुन्हा पुन्हा रचण्याच्या, महिनोन् महिने मुरवण्याच्या प्रक्रियेसाठी ग्राहक जादा पैसे मोजतो, त्याच प्रक्रियेत ही द्रव्ये वाढतात. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत, खारघरला, टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग उपचार आणि संशोधन केंद्र आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी सव्वीस टक्क्यांहून अधिक जण तंबाखू घेत होते. आपल्याकडे त्यात पुडी आणि मशेरी घेणारे सर्वांत जास्त, आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्णही त्यांच्यातलेच अधिक. सिगारचे नायट्रोसामीन ज्या त्वचेवर काम करते ती तोंडातलीच त्वचा आहे, आणि ज्या रेणूंमुळे पुडी घातक ठरते तेच रेणू हबानोसच्या डब्यातही असतात.